कशावरून? गल्ल्यावर बसून विचारायचा प्रश्न

या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल तर विषय तुम्हाला माहीत आहे. पण व्हिडिओत आकडे भरभर जातात, आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना पॉज करून वहीत उतरवून घेणं काही जमत नाही. म्हणून हे लिहून देतोय. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, दोन-तीन हिशोब सोबत करायचे आहेत.

विषय आहे चिकित्सा. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मूलभूत कर्तव्यं होती, आठवतं? राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. आपण ते दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि सोडून दिलं. माझं म्हणणं असं की ते सगळ्यात जास्त उपयोगाला येतं ते दुकानात. सकाळी शटर वर केल्यापासून रात्री हिशोब लावेपर्यंत किमान वीस माणसं आपल्याला काही ना काही सांगून जातात. सेल्समन सांगतो, गिऱ्हाईक सांगतं, व्हॉट्सॲप सांगतं, पाहुणे सांगतात. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं, यावर आपला नफा ठरतो.

छोट्यापासून सुरू करू.

दहाचं नाणं

"दादा, हे नाणं चालत नाही, दुसरं द्या." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. रुपयाचं चिन्ह असलेलं खरं आणि नसलेलं खोटं, वर १० रेषा असतील तर खरं आणि १५ असतील तर खोटं, अशा मेसेजवर कित्येक बाजारांनी वर्षानुवर्षं दहाची नाणी नाकारली.

आता इथे फोन न लावता, कुणाला न विचारता, फक्त डोकं वापरून काय करता येतं ते बघा. रुपयाचं चिन्ह सरकारने स्वीकारलं २०१० मध्ये. मग त्याआधी पाडलेल्या नाण्यावर ते चिन्ह येणार कुठून? नाण्यावर वर्ष छापलेलं असतं, उलटं करून बघा. म्हणजे ज्या कारणासाठी लोक नाणं नाकारत होते, त्या कारणात काही दमच नव्हता. पुढे २०१८ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने प्रसिद्धिपत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याची तोपर्यंत १४ डिझाइन आलेली आहेत आणि सगळी चालतात. शिवाय नाणी कायदा २०११ प्रमाणे एक रुपया आणि त्यावरच्या नाण्यांमध्ये १००० रुपयांपर्यंतचं देणं देता येतं.

खोटं नाणं कधी निघतच नाही असं मी म्हणत नाही. मेसेजमध्ये दिलेली परीक्षा चुकीची होती, एवढंच म्हणतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या धरता येणं हीच अर्धी चिकित्सा.

तरी यात नुकसान फार नव्हतं. सुट्ट्यांची बोंब आणि चॉकलेट हातात देण्याची कटकट. आता जरा मोठ्या गोष्टीकडे येऊ.

बारावर एक फ्री

डिस्ट्रिब्युटरचा माणूस येतो. "शेठ, स्कीम जोरात आहे, बारा पेट्यांवर एक पेटी फ्री. सरळ सरळ साडेआठ टक्के सुटतात." आज शेवटचा दिवस असतोच. यांच्या कॅलेंडरमध्ये शेवटचा दिवस सोडून दुसरा दिवस मी अजून पाहिलेला नाही.

पहिलं काम, साडेआठ टक्के तपासा. एकला बाराने भागलं तर ८.३३ येतात. पण तुमच्या घरात माल येतो तेरा पेट्या, म्हणजे भागायचं तेराने. ७.६९ टक्के. फरक छोटा आहे, पण आकडा सांगणाऱ्याच्या बाजूने वाढलेला आहे हे टिपून ठेवा. असंच दुसरं, "मार्जिन २५ टक्के". कशावर २५? ८० ला घेतलेली वस्तू १०० ला विकली तर खरेदीवर २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के. दोन्ही खरे. पण एका कंपनीचे खरेदीवरचे २५ आणि दुसऱ्या कंपनीचे विक्रीवरचे २२ शेजारी ठेवले, तर बावीसवाली कंपनी जास्त देते आहे. विश्वास बसत नसेल तर करून बघा: विक्रीवर २२ म्हणजे ७८ ला खरेदी, आणि २२ भागिले ७८ म्हणजे खरेदीवर २८ च्या वर.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. समजा पेटी ६०० रुपयांची आहे. स्कीममध्ये तुम्ही ७२०० रुपये देता आणि १३ पेट्या उतरवून घेता. तुमच्या दुकानात हा माल महिन्याला २ पेट्या जातो. १३ पेट्या संपायला साडेसहा महिने. मालाची मुदत ६ महिने, आणि तुमच्याकडे पोचेपर्यंत एक महिना गेलेला. उरले ५ महिने, विकल्या १० पेट्या, ३ पेट्या पडून. आता हिशोब लावा: १० पेट्या विकण्यासाठी तुम्ही ७२०० मोजले. लागेल तशा दोन-दोन घेतल्या असत्या तर ६००० मध्ये भागलं असतं. ७.६९ टक्के वाचवायला गेलात आणि १२०० रुपये वर गेले. पाच महिने पैसा अडकला आणि कोपऱ्यातली जागा अडली, ते वेगळंच.

"एक्सपायरी आम्ही परत घेतो की." चांगली गोष्ट आहे. बिलावर लिहून द्या म्हणा. लिहून दिलं तर स्कीम खरंच घेण्यासारखी असू शकते. आणि तुमच्याकडे महिन्याला ५ पेट्या जात असतील तर डोळे झाकून घ्या, मी आडवा येणार नाही. स्कीम वाईट असते असा धडा यातून काढू नका. सेल्समन खोटंही बोलत नव्हता. त्याने त्याच्या टार्गेटचा आकडा सांगितला, तुमच्या दुकानाचा आकडा त्याला माहीतच नाही. तो तुम्हाला माहीत हवा. महिन्याला किती जातं हे वहीत नसेल तर चिकित्सा करायची कशाच्या जोरावर?

उपाय लागू पडला, पण कशामुळे?

हा भाग जरा नाजूक आहे. शांतपणे वाचा.

समजा भाद्रपदात, पितृपक्षात, धंदा एकदम थंड आहे. कपड्याचं दुकान असेल, भांड्यांचं असेल, मोबाइलचं असेल, या पंधरवड्यात नवीन खरेदी टाळणारी घरं आपल्याकडे भरपूर आहेत. दुकानदार हैराण. कुणीतरी सांगतं, गल्ल्याची दिशा बदला. बदलली. कुणी सांगतं, बोर्डाचा रंग बदला. बदलला. आणि खरंच, पुढच्या महिन्यात विक्री दुप्पट. आता तो माणूस आयुष्यभर शपथेवर सांगणार की दिशेमुळे झालं.

अहो, पुढे काय आलं? नवरात्र, दसरा, दिवाळी. गल्ला जागेवरून हलवला नसता तरी विक्री वाढणारच होती.

यात एक बारीक गंमत आहे. माणूस उपाय कधी शोधतो? सगळ्यात वाईट महिन्यात. चांगल्या महिन्यात कुणी दिशा बघायला बोलावत नाही. आणि सगळ्यात वाईट महिन्यानंतर येणारा महिना बहुतेक वेळा थोडा तरी बरा असतो, कारण त्याहून वाईट होणं अवघडच असतं. म्हणून तळाला असताना केलेला कुठलाही उपाय लागू पडल्यासारखाच वाटतो. दिशेचा, अंगठीचा, आणि हो, माझ्यासारख्या ट्रेनरच्या तीन दिवसांच्या शिबिराचासुद्धा. शिबिर संपल्यावर "सर, पुढच्याच महिन्यात सेल वाढला" असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, मागच्या वर्षी याच महिन्यात किती होता?

त्यातही आपल्याकडे एक अडचण आहे. इंग्रजी महिन्याशी इंग्रजी महिना जुळवला तर हमखास फसगत होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. २०२४ ला १ नोव्हेंबरला. २०२५ ला आपल्याकडे २१ ऑक्टोबरला. म्हणजे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दसरा आणि दिवाळी दोन्ही बसले, तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीची खरेदी जेमतेम सुरू झालेली. हे दोन ऑक्टोबर शेजारी ठेवून "दोन वर्षांत ६० टक्के वाढ" असं कुणी म्हणालं, तर ती वाढ पंचांगाची आहे. सणावर चालणारा धंदा असेल तर घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतची विक्री वेगळी काढा आणि दर वर्षी तेवढीच जुळवा. २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दिवाळी परत नोव्हेंबरात जाते, तेव्हा यंदाचा ऑक्टोबर मंद दिसला तर लगेच घाबरून जाऊ नका.

दारावर लिंबू-मिरची बांधता का, असं मला नेहमी विचारतात. आमच्या बाजारात दर शनिवारी एक मुलगा सगळ्या दुकानांना देऊन जातो, त्याचं घर त्यावर चालतं, दहा-वीस रुपयांचा प्रश्न आहे. त्यावर मी वाद घालत बसत नाही. पण कुणी दोष काढायचे एकावन्न हजार मागितले, तर तिथे कशावरून हे विचारायलाच हवं. चुकलो तर किती जाणार, हा आकडा आधी काढा आणि त्या मापाने प्रश्न विचारा. वीस रुपयांसाठी शून्य प्रश्न चालतील. पाच लाखांसाठी दहा प्रश्नही कमी.

महिन्याला दहा टक्के

आता त्या पाच लाखांकडे. घरं बसतात ती इथे.

दुकानदाराकडे रोज रोकड येते, त्यामुळे अशा स्कीमवाल्यांचा आपल्यावर डोळा असतो. भिशीचे पैसे उचलले की दुसऱ्या दिवशी कुणीतरी चहाला येतं. महिन्याला दहा टक्के, लेखी करार, वर आपलाच ओळखीचा माणूस. आणि सगळ्यात मोठा पुरावा: "माझ्या साडूला तीन महिने बरोबर एक तारखेला पैसे आलेत."

या पुराव्याचं वजन करू. शंभर लोकांनी एक-एक लाख दिले, एक कोटी जमले. महिन्याला दहा टक्के म्हणजे दहा लाख वाटायचे. चालवणाऱ्याने काहीही धंदा केला नाही, पैसे नुसते कपाटात ठेवले आणि त्यातूनच वाटत बसला, तरी एक कोटी पुरतात दहा महिने. एकही नवीन माणूस न येता! म्हणजे तीन महिने पैसे आले यावरून काय सिद्ध झालं? कपाटात अजून पैसे आहेत, एवढंच. साडू खोटं बोलत नाही, त्याला पैसे आलेत. पण ते त्याचेच आलेत.

दुसरा हिशोब. दर महिन्याला दहा टक्के आणि व्याजावर व्याज धरलं, तर एक लाखाचे वर्षात ३ लाख १४ हजार होतात आणि पाच वर्षांत ३ कोटी ४ लाख. ज्याला असा धंदा खरंच सापडलाय, त्याने घर गहाण टाकून बँकेकडून वर्षाला बारा-पंधरा टक्क्यांनी कर्ज उचललं असतं. तो तुमच्याकडे वर्षाला १२० टक्के द्यायला का येईल? हा एक प्रश्न समोर विचारून बघा. उत्तर ऐकण्याआधी चेहरा बघा.

हे काही आजचं नाही. १९२० मध्ये अमेरिकेत बोस्टनला चार्ल्स पाँझी नावाचा माणूस ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणाला. त्याचं स्पष्टीकरण असं की टपालाची आंतरराष्ट्रीय कूपन परदेशात स्वस्त घेतो आणि इथे महाग वटवतो. ऐकायला पटण्यासारखं. क्लॅरेन्स बॅरन नावाच्या आर्थिक पत्रकाराने फक्त बेरीज केली. लोकांनी गुंतवलेल्या पैशाला पुरायची असतील तर १६ कोटी कूपन फिरत असायला हवी होती. प्रत्यक्षात जगात फिरत होती सुमारे २७ हजार. शिवाय पाँझी स्वतःचा पैसा स्वतःच्या कंपनीत ठेवत नव्हता, हेही त्याने दाखवून दिलं. त्याच ऑगस्टमध्ये पाँझीला अटक झाली. बॅरनने कुठलीही गुप्त माहिती काढलेली नव्हती, स्टॉक मोजला होता. हे आपण मार्चएंडला करतोच की.

आणि शंभर वर्षांनी आपल्याच दादरला, २०२५ च्या जानेवारीत, टोरेसच्या शोरूमबाहेर लोक जमले. चमकदार खडे विकत घ्या, दर आठवड्याला परतावा घ्या, अशी ती योजना होती. गुंतवणूकदारांत भाजीविक्रेते आणि छोटे दुकानदार होते. आपल्यासारखेच, रोज मालाची पारख करणारे लोक. कांद्याची गोणी उघडून बघणारा माणूस पैसे देताना गोणी उघडत नाही, कारण सांगणारा ओळखीचा असतो आणि शोरूम एसी असते.

भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं असतात त्याबद्दल थोडं. कंपनीची नोंदणी, जीएसटी, उद्यम, यातलं एकही सर्टिफिकेट लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी नसते. तुमच्या-माझ्या दुकानाचंही जीएसटी आहे, म्हणून आपण ठेवी घेऊ शकतो का? नोंदणीशिवाय ठेवी गोळा करण्याच्या योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. रिझर्व्ह बँकेचं 'सचेत' नावाचं पोर्टल आहे, तिथे परवानगी कुणाला आहे ते बघता येतं आणि तक्रारही करता येते. आणखी एक, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. दोन्हींच्या पासबुकाचा रंग सारखा असला तरी हा फरक आहे. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाही, चांगल्या चालणाऱ्या खूप आहेत. पण जास्तीचा अर्धा-एक टक्का कशाबद्दल मिळतोय ते माहीत असू द्या.

फ्रँचायझीलाही हाच नियम. चहाची फ्रँचायझी विकणारा तुम्हाला तीन जोरात चालणारी दुकानं दाखवतो. तुम्ही बंद पडलेल्यांची यादी मागा. तो देणार नाही. मग स्वतः चार गावं फिरा, जुने बोर्ड तसेच लटकत असतात. त्या गाळेमालकाला भेटा, तो अर्ध्या तासात जे सांगेल ते कंपनीच्या ब्रोशरमध्ये मिळणार नाही.

फोनवरचं

यावर आधी दोन व्हिडिओ झालेत, म्हणून थोडक्यात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी टिकमार्क म्हणजे पेमेंट नव्हे, खोटी टिकमार्क दाखवणारी ॲप आहेत. तुमचा साउंडबॉक्स बोलला किंवा तुमच्या स्वतःच्या ॲपमध्ये एंट्री दिसली तरच माल द्या. आवाज आपल्याच डब्यातून आला का गिऱ्हाइकाच्या फोनमधून, हेही बघा. रोज सकाळी स्वतःच्या क्यूआरवर एक रुपया टाकून नाव तपासा, रात्रीतून वर दुसरं स्टिकर चिकटवून गेल्याचे प्रकार झालेले आहेत. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३०. जेवढा उशीर तेवढी पैसे अडवण्याची शक्यता कमी.

विचारायचं कसं?

इथपर्यंत सगळे माना डोलावतात. खरी अडचण पुढे येते. "सर, प्रश्न कळतात हो, पण समोर मेहुणा बसलाय. त्याला कशावरून म्हटलं तर बायको आठ दिवस बोलणार नाही."

बरोबर आहे. आपल्याकडे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असंच घेतलं जातं. माझ्या बॅचमधल्या एका ताईंनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडला. त्यांचं ड्रेस मटेरियलचं दुकान. दीर असाच एक महिन्याच्या परताव्याचा प्रस्ताव घेऊन आले, सासूबाई समोर. ताई म्हणाल्या, "भावजी, पैसे द्यायचे तर द्यायचेच. पण माझा नियम आहे, दोन हजारांच्या वरचा माल मी बिलाशिवाय उतरवत नाही. तुम्ही मला फक्त एवढं कागदावर द्या, यांचा पैसा येतो कुठून, आणि मला तीन महिन्यांनी मुद्दल परत हवी असेल तर कुणाकडे जायचं. तुम्हाला अडचण नको, मीच त्यांना फोन करते." दीर म्हणाले विचारून सांगतो. दीड महिना झाला, अजून विचारतायत. घरात भांडण झालं नाही, कारण ताईंनी दिरावर शंकाच घेतली नव्हती. नियम दुकानाचा होता, तो सगळ्यांना सारखा.

तुम्हीही असा एक नियम करून ठेवा. रक्कम तुमची तुम्ही ठरवा. पण आधी ठरवा, समोर माणूस बसल्यावर ठरवलेला नियम बहाणा वाटतो.

आणि उलट टोकालाही जाऊ नका. कुणावरच विश्वास नाही म्हणून क्यूआरच काढून टाकलेले, कामाला ठेवलेल्या पोराचा खिसा रोज तपासणारे, नवीन कंपनीचा माल कधीच न ठेवणारे दुकानदार मी पाहिलेत. त्यांनाही ही चिकित्सा वाटते. पण पोरगं चोरी करतंय हे कशावरून, हा प्रश्न ते स्वतःला विचारत नाहीत. स्टॉक जुळवून बघत नाहीत, नुसता संशय घेतात, आणि चांगलं पोरगं सहा महिन्यांत समोरच्या दुकानात जातं. नवीन माल आला तर एक पेटी ठेवा, पंधरा दिवस विक्री लिहा आणि मग ठरवा. एका पेटीत जेवढं जाईल तेवढंच जाईल.

पुढच्या व्हिडिओत सणाच्या विक्रीचा तक्ता प्रत्यक्ष भरून दाखवणार आहे. त्यासाठी २०२३, २०२४ आणि २०२५ ची घटस्थापना ते भाऊबीज अशी रोजची विक्री वहीतून काढून ठेवा. तारखा पंचांगातून घ्या. तिन्ही वर्षांची नसेल तर निदान एकाची तरी काढा, आणि ज्या दिवसांचे आकडे सापडणार नाहीत ते रकाने रिकामे सोडा, अंदाजाने भरू नका.